वाजतंय तरी कुठे?

मंडळी, बरेच दिवस इथे काही लिहिणं झालं नाही. पुण्याच्या मावसबहिणीने तर फोन करून विचारलं, "काय गं, बरी आहेस ना?" मी अगदी ठणठणीत आहे. आजारी होती ती आमची गाडी. तिच्या दुखण्यापायी घरात जे रामायण घडलं, ते आज सांगणार आहे. मोटारीतलं मला काही कळत नाही हे आधीच कबूल करते. आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. पण कान अजून शाबूत आहेत, आणि हा सगळा मामला कानाचाच आहे.

तर झालं असं. आमची बारा वर्षांची छोटी गाडी. महिन्यातून दोन-तीनदा गिरगावातून दादरला धाकट्या बहिणीकडे, नाहीतर परळला डॉक्टरांकडे, एवढाच तिचा प्रवास. गेला पावसाळा संपला आणि पुढच्या बाजूने, माझ्या पायांच्या पलीकडे कुठेतरी, आवाज यायला लागला. खड्-खड्-खड्. पत्र्याच्या डबीत दोन सुपाऱ्या टाकून डबी हलवावी तसा. मी ह्यांना म्हटलं, "अहो, काहीतरी वाजतंय." हे म्हणाले, "कुठे काय? मला तर काही ऐकू येत नाही."

आठ दिवसांनी पुन्हा तेच. मग हे म्हणाले, "रस्ता वाजतोय." हे अगदीच खोटं नव्हतं. मेट्रो ३ च्या कामासाठी आमच्या गिरगावातले रस्ते वर्षानुवर्षं खणलेले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती मेट्रो थेट कफ परेडपर्यंत धावायला लागली, पण बुजवलेल्या चरांवरून जाताना गाडीला अजून हिसके बसतातच. तरीही रस्त्याचा आवाज वेगळा आणि गाडीतला वेगळा. शिवाय रस्ता फक्त डावीकडेच कसा वाजेल? पण माझं कोण ऐकतो! दिवाळीत मुलाला सांगितलं तर तो बंगळूरहून म्हणाला, "आई, जुनी झाली ती गाडी. विकून टाका ना आता." म्हणजे नवरा म्हणतो आवाजच नाही, आणि मुलगा म्हणतो गाडीच नको. तो आवाज कुठून येतोय, हे बघावं असं दोघांपैकी एकालाही वाटलं नाही.

शेवटी माझ्या कटकटीला कंटाळून हे गाडी घेऊन एका मोठ्या, चकचकीत वर्कशॉपमध्ये गेले. मीही बरोबर होते. तिथे काचेच्या खोलीत बसवलं, कॉफी दिली. गणवेशातला एक तरुण मुलगा गाडी घेऊन एक चक्कर मारून आला. मग गाडी लिफ्टवर चढवली, खालून बॅटरी मारून पाहिलं, आणि वीस मिनिटांत छापील कागद हातात ठेवला. पुढचे दोन्ही शॉक ॲब्सॉर्बर, त्यांची वरची माउंट, दोन्ही लोअर आर्म आणि सगळ्यात शेवटच्या ओळीत दोन लिंक रॉड. मजुरी आणि कर धरून ३४ हजार रुपये!

मी विचारलं, "पण बाळा, वाजतंय काय?" तो अदबीने म्हणाला, "मॅडम, पूर्ण सस्पेन्शनच करून घ्या. गाडीचं वय झालंय." हे बोलताना तो माझ्याकडे बघतही नव्हता, ह्यांच्याकडे बघत होता. मी म्हटलं, वय तर आमचंही झालंय, म्हणून डॉक्टर काही आम्हाला सगळेच अवयव बदला म्हणत नाहीत. तो हसला, पण प्रश्नाचं उत्तर काही दिलं नाही. आपल्याकडे म्हण आहे, दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला. इथे तर म्हैस, पखाल आणि पखालवाला, तिघांनाही औषध लिहून दिलं होतं.

कागद घेऊन घरी आलो. हे म्हणाले, "बघ, उगाच नाही ती भानगड. एवढे पैसे घालायचे एका नसलेल्या आवाजासाठी?" त्या रात्री मला झोप लागली नाही. पैशांचं म्हणाल तर पेन्शन आहे, भागतं. खुपत होतं ते वेगळंच. मला स्पष्ट ऐकू येणारी गोष्ट घरातलं माणूस 'नाहीच' म्हणत होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी वही केली. मास्तरणीची सवय, दुसरं काय! शाळेच्या हजेरीपटासारखे रकाने आखले. कुठे वाजलं, गाडी हळू होती की जोरात, ब्रेक दाबलेला होता का, वळण होतं का. दोन आठवड्यांत पान भरलं. ठाकूरद्वारचा बुजवलेला चर: वाजलं. लॅमिंग्टन रोडवर एका बाजूचे पेव्हर ब्लॉक खचलेत तिथे: खूप वाजलं. सात रस्त्याच्या पुढे सरळ काँक्रीट: नाही. बहिणीच्या सोसायटीतला उंच गतिरोधक: नाही. (याचं मलाही आश्चर्य वाटलं, कारण धक्का तिथे सगळ्यात मोठा होता.) लालबागच्या उड्डाणपुलाचे सांधे: धप धप झालं, खडखड नाही. ब्रेक दाबून: तसंच वाजलं. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवून: नाही.

ही वही घेऊन आम्ही परळला एका मिस्त्रींकडे गेलो. बहिणीच्या शेजाऱ्यांनी सांगितलं होतं. गल्लीच्या तोंडाशी दीड गाळ्याचं गॅरेज, एक खड्डा, दोन पोरं हाताखाली, भिंतीवर गणपती आणि जुनं कॅलेंडर. मिस्त्री पंचावन्नच्या आसपासचे. आणि नाही हो, ते माझे विद्यार्थी निघाले नाहीत! शिक्षकांच्या गोष्टीत नेहमी तसं होतं, इथे झालं नाही.

त्यांनी आधी हात पुसले आणि विचारलं, "कोणाला ऐकू येतं?" मी म्हटलं, "मला." ते म्हणाले, "मग काकू, तुम्ही सांगा." गेल्या तीन महिन्यांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच कोणी विचारला होता. मी वही पुढे केली. त्यांनी ती उभ्याउभ्या वाचली, गतिरोधकाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे लिहिलंत ते बरं केलंत. अर्धं काम इथंच झालं."

आता त्यांनी जे समजावलं ते मला जसं कळलं तसं सांगते. चूकभूल द्यावी घ्यावी.

चाक आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये बरीच मंडळी असतात. एक स्प्रिंग. स्प्रिंगची उसळी आवरणारा शॉक ॲब्सॉर्बर, ज्याला आपले मिस्त्री लोक 'जंपर' म्हणतात. चाकाला जागच्या जागी धरून ठेवणारा लोअर आर्म, त्याच्या टोकाशी आपल्या खांद्यासारखा फिरणारा बॉल जॉइंट. लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून जागोजागी रबरी बुश. आणि पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारी एक वाकवलेली लोखंडी कांब, वळणावर गाडी एका अंगाला कलू नये म्हणून. त्या कांबेची दोन टोकं वीतभर दांडीने एकेका जंपरला अडकवलेली असतात. ही दांडी म्हणजे लिंक रॉड. तिच्या दोन्ही टोकांना एका वाटीत सुपारीएवढा गोळा बसवलेला असतो, त्यावर रबरी टोपी. टोपी फाटली की पावसाचं पाणी आणि माती आत जाते, ग्रीस निघून जातं, वाटी झिजते आणि गोळा आत खुळखुळायला लागतो. माझ्या दोन सुपाऱ्या त्या ह्याच!

पण हे कळलं कसं? गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम वर जातात. मग ती कांबही अख्खीच्या अख्खी वर जाते, तिला पीळ बसत नाही, आणि लिंक रॉडवर ताण येत नाही. खचलेल्या पेव्हर ब्लॉकवर मात्र एक चाक खाली आणि एक वर. कांबेला पीळ बसतो, दांडी इकडून तिकडून ओढली जाते आणि सैल गोळा वाजतो. जंपर किंवा त्याचं माउंट गेलं असतं, तर बहुधा गतिरोधकावरही धडधडलं असतं. ब्रेकचे पॅड सैल असते, तर ब्रेकवर नुसता पाय ठेवल्यावर आवाज थांबला असता. स्टिअरिंगच्या वेळी काही नाही, म्हणजे वरच्या बेअरिंगवरचा संशय कमी. उड्डाणपुलाच्या सांध्यावरही दोन्ही चाकं एकदमच जातात, म्हणून तिथे नुसती धप धप. माझ्या वहीत हे सगळं होतं, पण मला ते वाचता येत नव्हतं. त्यांना येत होतं.

एवढं कळूनही मिस्त्रींनी लगेच पाना हातात घेतला नाही, हे मला फार आवडलं. "हा झाला अंदाज, आता बघू," म्हणाले. पहिल्यांदा डिकी रिकामी केली. जॅक, पाना, स्टेपनी, गेल्या गणपतीतला पाट आणि ह्यांनी जपून ठेवलेला पत्र्याचा डबा, सगळं बाहेर. किती गाड्यांची 'खडखड' डिकीतच निघते म्हणे. मग एक चक्कर. वाजलं. मग बॉनेटचा कोपरा जोर लावून खाली दाबला आणि सोडला. गाडी एकदा वर आली आणि गप्प उभी राहिली. हिंदकळत राहिली असती तर जंपर संपला असं धरायचं. मग जॅक लावून, खाली घोडी देऊन, चाक वर-खाली धरून हलवलं, मग दोन बाजूंनी धरून हलवलं. टॉमी घालून लोअर आर्म उचकून पाहिला. सगळं घट्ट.

मी विचारलं, "मग त्या वर्कशॉपमध्ये लिफ्टवर का नाही दिसलं?" ते म्हणाले, "लिफ्टवर चाकं लोंबकळतात. कधी कधी त्याने सांधा ताणून बसतो आणि सैलपणा लपतो. गाडी आपल्या पायावर उभी असताना बघावं लागतं." मला माझे गुडघे आठवले. डॉक्टरांच्या टेबलावर निजलं की कधी दुखत नाहीत, जिना चढताना दुखतात.

गाडी खाली घेतली. हँडब्रेक लावला, इंजिन बंद. स्टिअरिंग पूर्ण वळवलं, तसं चाकाच्या मागची ती दांडी उघडी पडली. मिस्त्रींनी तिच्या टोकाशी बोट लावलं आणि पोरांना गाडी दोन्ही अंगांना डोलवायला सांगितलं. मग ह्यांना म्हणाले, "काका, तुम्ही लावा बोट."

हे वाकले. पोरांनी गाडी डोलवली. ह्यांचा चेहरा मी बघत होते. आधी काही नाही. मग एकदम वर बघितलं आणि म्हणाले, "अगं, टकटक लागतंय की बोटाला!"

ऐकू आलं नव्हतं ते असं बोटाला कळलं.

मिस्त्रींचं बोलणं पुढे चालू होतं, पण माझं लक्ष उडालं. तीन महिने मी ह्यांच्यावर धुमसत होते. मला वाटत होतं, हे माझं म्हणणं उडवून लावतायत. ह्यांना खरंच ऐकू येत नव्हतं! अठ्ठ्याहत्तरावं वर्ष. पुढच्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सांगितलं की वयाबरोबर आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. 'स', 'श', 'फ' पुसट होतात, बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज पुसट होतात, लोखंडाची टकटकही जाते. इंजिनची घरघर मात्र ऐकू येत राहते, म्हणून माणसाला वाटतं आपले कान चांगले आहेत. म्हणजे माझं बोलणं आणि गाडीची खडखड दोन्ही एकाच वेळी जायला लागलं होतं, आणि आम्ही दोघं भांडत होतो रस्त्याबद्दल. ह्यांना आता यंत्र मिळालंय. पहिल्या दिवशी म्हणाले, "घड्याळ एवढं मोठ्यांदा वाजतं?"

असो. गाडीकडे परत येते. लिंक रॉड ऑपेरा हाऊसच्या बाजूच्या सुट्या भागांच्या दुकानातून आणवले, कंपनीच्या पाकिटातले, जोडी १८०० रुपयांना. दुसऱ्या बाजूचा अजून वाजत नव्हता, पण तोही तेवढ्याच पावसात भिजलाय म्हणून दोन्ही बदलले. हे मला पटलं, कारण त्याचं कारण सांगितलं. लावायची मजुरी ६००. आणि बिलात आणखी एक ओळ होती: 'तपासणी ५००'.

इथे मात्र हे अडले. "दोन दांड्या लावायला अर्धा तास, आणि नुसतं बघायचे ५००?"

मंडळी, मला जे म्हणायचंय ते ह्या ओळीबद्दलच आहे. ते ५०० रुपये मी माझ्या पर्समधून काढून दिले. अख्ख्या बिलात सगळ्यात योग्य खर्च तोच होता, असं माझं ठाम मत आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या चकचकीत वर्कशॉपच्या यादीत लिंक रॉड होते. शेवटच्या ओळीत, पण होते. म्हणजे आम्ही ३४ हजार दिले असते तर आवाज नक्की थांबला असता, आणि आम्ही त्यांना दुवा देत घरी आलो असतो. शाळेत असताना गणिताच्या बाई आमच्या स्टाफरूममध्ये नेहमी कुरकुरत, "उत्तर बरोबर आहे, रीत नाही." उत्तर बरोबर आलं की पोराला वाटतं आपल्याला गणित आलं. रीत चुकलेली आहे हे कळायला पुढचं गणित यावं लागतं. सगळे भाग बदलल्यावर आवाज थांबला, तर काय बिघडलं होतं हे त्या मुलाला कधीच कळणार नाही. पुढच्या गाडीलाही तो तेच करणार. दहा वर्षं नोकरी करूनही त्याच्या गाठीला काही बांधलं जाणार नाही. मला त्याचा राग येत नाही, त्याची काळजी वाटते. हुशार मुलगा होता. पण त्याला दिवसाला ठरावीक गाड्या उरकायच्या, मालकाला विक्रीचा आकडा हवा, आणि गिऱ्हाईक म्हणतं संध्याकाळी गाडी द्या. अशात बॉनेटपाशी उभं राहून विचार करायला त्याला पैसे कोण देतं? आपण भागाचे पैसे बिनतक्रार देतो, कारण भाग हातात धरता येतो. शोधण्याचे द्यायचे म्हटले की आपला जीव जातो. मग सगळे भागच विकायला लागले तर नवल काय?

डॉक्टरांकडेही आपण हेच करतो. गोळ्या लिहून दिल्या नाहीत तर फी फुकट गेली असं वाटतं. १८१६ साली पॅरिसमध्ये रेने लाएनेक नावाच्या डॉक्टरने कागदाची गुंडाळी करून रोग्याच्या छातीला लावली आणि ऐकलं. तिथून स्टेथोस्कोप आला. त्याने औषध शोधून काढलं नाही, ऐकण्याची सोय केली. आणि ऐकल्याशिवाय औषध कशावर द्यायचं? मिस्त्रीही इंजिनला लांब स्क्रू ड्रायव्हर टेकवून दुसरं टोक कानाशी धरतात, ते तेच. आपण बायका बाजारात माठ घेताना टिचकी मारून बघतो, तेही तेच.

आणि यात जिवाचाही प्रश्न आहे. लिंक रॉड सैल झाला तर वळणावर गाडी जरा जास्त कलते. पण बॉल जॉइंट झिजून सुटला तर चाकच फताडं पडू शकतं. दोन्हीचा आवाज आपल्यासारख्याला सारखाच वाटतो, खडखड. म्हणून 'जुनी गाडी आहे, वाजणारच' म्हणणं आणि 'सगळंच बदला' म्हणणं, दोन्ही मला एकाच जातीचं वाटतं. दोघांनाही शोधायचे कष्ट नकोत.

जुन्या पद्मिनी टॅक्सीत बसलेल्यांना आठवत असेल, 'हॉर्न सोडून सगळं वाजतं' असा आपण विनोद करायचो. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली ती गाडी. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. त्या वेळी सगळ्यांनी गळा काढला. मीही काढला. पण जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणणार नाही. त्या टॅक्सीत इतकं काही वाजत असायचं की नेमकं काय बिघडलंय ते कळायला मार्ग नव्हता. आणि तेव्हाचे सगळे मिस्त्रीही काही धन्वंतरी नव्हते. ठोकून बघायचं, नाही जमलं तर दुसरं काहीतरी ठोकायचं, असेही पुष्कळ होते. गॅरेज गल्लीत आहे की काचेच्या इमारतीत, यावर काही ठरत नाही. आधी विचारतात का, यावर ठरतं.

आमच्या मिस्त्रींना मी विचारलं, हे कुठे शिकलात? त्यांचे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते, मागांची दुरुस्ती करायचे. शेकडो माग एकदम चालू, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि त्या गदारोळात कुठल्या मागाचा ताल चुकलाय ते त्यांना दाराशी उभं राहून कळायचं. जानेवारी १९८२ चा संप झाला आणि गिरणीचं दार बंद झालं ते झालंच. मग ते ओळखीच्या गॅरेजमध्ये बसायला लागले, मुलगा हाताखाली. "पण म्हातारपणी बाबांना काही ऐकू येईना," मिस्त्री म्हणाले. "मागांनी कान खाल्ले. मग ते हात लावून सांगायचे." तेव्हा मला कळलं, ह्यांना बोट लावायला का सांगितलं ते.

आता शेवटचं. हे लिहायचं की नाही यावर दोन दिवस विचार केला.

१९८० च्या सुमाराला माझ्याकडे सातवीचा वर्ग होता. मी फळ्याकडे वळले की मागून टक टक आवाज यायचा. मी वळून बघितलं की बंद. मला खात्री होती, शेवटच्या बाकावरची चौकडी. त्यांना विचारलं, ते नाही म्हणाले. चौघांनाही आठवडाभर बाकावर उभं केलं. "कोणी केलं ते सांगत नाही ना, मग सगळेच उभे राहा." आवाज थांबलाही. मला वाटलं, शिक्षा लागू पडली. पुढच्या आठवड्यात पाऊस आला, वारा सुटला आणि पुन्हा टक टक. शेवटच्या बाकामागच्या खिडकीची कडी सैल होती. वारा पडला होता म्हणून मधे थांबली होती.

मी शिपायाकडून कडी बसवून घेतली. त्या चौघांना काही म्हटलं नाही. तेव्हा शिक्षक मुलांची माफी मागत नसत, निदान मी मागत नव्हते. आज ते साठीच्या घरात असतील. गाडीत बसून 'अहो, खरंच वाजतंय' असं तीन महिने सांगताना मला त्यांचे चेहरे सारखे आठवत होते. 'बाई, आम्ही नाही' म्हणताना ते माझ्याकडे असंच बघत होते. चौघांपैकी कोणी हे वाचत असेल तर बाबांनो, चुकलं माझं.

तर माझं म्हणणं एवढंच. कोणी म्हणालं काहीतरी वाजतंय, तर आधी त्याला विचारा, कुठे, केव्हा, कसं. आपल्याला ऐकू येत नसेल तर बोट लावून बघा. आणि जो शांतपणे शोधून देतो त्याला शोधण्याचे पैसे द्या, वर चहाही द्या.

परवा दादरहून येताना त्याच खचलेल्या पेव्हर ब्लॉकवरून गाडी गेली. मी कान टवकारून बसले होते. काही नाही. शांत. हे स्टिअरिंगवरून म्हणाले, "अगं, तुझ्या पर्समध्ये काहीतरी वाजतंय."

खरंच वाजत होतं. घराच्या किल्ल्या होत्या.

तुमच्या गाडीत, घरात काय वाजतंय आणि ते कसं सापडलं, जरूर कळवा.